हळदीच्या गाण्यातून कापलेलं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुतणीला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका—मलाही नेमकं माहीत नाही.

बातमीचा एक साधा नियम असतो. सगळ्यांत महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात. वाचणारा दुसऱ्या ओळीला उठून गेला, तरी त्याला बातमी कळलेली असायला हवी. पालघरच्या कचेरीत हा नियम मी कितीतरी नव्या मुलांच्या डोक्यात बसवला. घुटमळत आलेली कॉपी परत पाठवली. आणि आता स्वतःचं पहिलं वाक्य लिहायला बसलोय, तर ते येत नाहीये. लिहितो, खोडतो. मग म्हटलं, वहिनीपासून सुरुवात करावी. तिच्याबद्दल लिहायला मला कधी अडचण आलेली नाही—एक प्रसंग सोडून.

सुमतीवहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आई गेलेली. वडील थकलेले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बोटीवर. आमचं गाव तारापूरच्या पुढे, किनाऱ्याला लागून. निम्मं गाव समुद्रावर, आणि उरलेलं निम्मं समुद्रातून आलेलं वाळवण्यात आणि विकण्यात. वहिनीनं घर हातात घेतलं, तसंच मलाही घेतलं. रीतीप्रमाणे तिनं मला 'भाऊजी' म्हणायला हवं होतं. सुरुवातीला म्हटलंही म्हणे. मग एकदा मी खाडीच्या चिखलात लोळून घरी आलो, तिनं पाठीत धपाटा घातला आणि 'वसंता' म्हणाली. ते कायमचं.

वर्तमानपत्राचं वेड मला तिच्यामुळे लागलं. ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची—बोंबील, सुकट, वाकट्या. मासळी बांधून द्यायला रद्दी लागते. रद्दीचा गठ्ठा घरी आला की आधी माझ्यापुढे पडायचा. मी वाचून बाजूला ठेवलेलाच कागद तिच्या टोपलीत जायचा. मी न वाचलेल्या कागदात तिनं कधी गिऱ्हाइकाला सुकट बांधून दिली नाही. शेजारणी हसायच्या.

"सुमती, उद्या सुकट पन त्यालाच वाचाया देशील गो!"

"सुकट कुनालाबी कलते," वहिनी म्हणायची. "पेपर आमच्या वसंतालाच कलतो."

कामाच्या वेळी मी वाचत बसलो, की मात्र माझं नाव बदलायचं. "साहेब, पेपर झाला असंल तं बोंबील उलटे कर आता." मग मी उठून वलांडीकडे जायचो—बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मांडणीला आमच्याकडे वलांडी म्हणतात—आणि बोंबील उलटे करता करताही तोंडानं अग्रलेख म्हणायचो. ती हसून हसून दमायची.

हे सगळं मी का सांगतोय? खरं तर मुद्द्यापासून दूर चाललोय. पण ती कोण होती हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ती गायची. हळदीच्या मांडवात. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. बाजारात ओरडून थोडा घोगरा झालेला, पण रुंद. एकदा लागला की जागचा हलायचा नाही. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात नावं घेतात. एक बाई पुढे गाते, बाकीच्या मागून झेलतात. प्रत्येक कडव्यात नवरीच्या एका माणसाचं नाव—बाप, काका, मामा, भाऊ. ज्याचं नाव आलं त्यानं उठायचं, नवरीला हळद लावायची. तो उठेपर्यंत बायका तीच ओळ घोळवत राहतात. कुणी लाजला, उशीर केला, की ओळ लांबत जाते आणि मांडव हसतो. कुणाचं नाव राहून गेलं, तर मात्र कुणी हसत नाही. राहिलेला माणूस ते वर्षानुवर्षं मनात ठेवतो. तेवढ्यावरून पुढच्या लग्नाला न आलेली माणसं मला माहीत आहेत. म्हणून पुढे गाणारी बाई जबाबदारीची लागते. वहिनीकडून कधी कुणाचं नाव सुटलं नव्हतं. गावात त्यासाठीच तिला बोलावणं असायचं.

शिक्षण संपवून मी पालघरला एका दैनिकाच्या कचेरीत लागलो. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता; आमच्या बातम्या ठाण्याच्या पानावर खालच्या कोपऱ्यात जायच्या. कुणी न सांगता माझी बोली बदलली. 'हाय'चं 'आहे' झालं, 'नाय'चं 'नाही'. शनिवारी घरी गेलो की पुन्हा 'हाय'. यात काही वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही. सगळेच करतात.

एकदा डब्यात वहिनीनं दिलेली सुकटीची चटणी नेली. डबा उघडला आणि एका सहकाऱ्यानं उठून खिडकी उघडली. तो काही बोलला नाही. नाकही मुरडलं नाही. फक्त खिडकी उघडली. त्यानंतर केव्हातरी मी सांगायला लागलो, की आमचं मूळ गाव किनाऱ्याकडे, पण आता तिथं आमचं कुणी राहत नाही. किती लहान वाक्य आहे, नाही? कुणी तपासायलाही जाणार नव्हतं.

मग मुंबईच्या कचेरीतून रविवार पुरवणीचे संपादक आले. त्यांना किनाऱ्यावरच्या हळदीच्या गाण्यांवर एक पान करायचं होतं. त्यांच्या पानावर नाव छापून यावं, असं माझ्या वयाच्या प्रत्येक वार्ताहराला वाटायचं. गावात माझ्या चुलतबहिणीची, हेमाची, हळद होती. मी त्यांना घेऊन गेलो. 'जुन्या ओळखीच्यांकडे आहे,' असं म्हणून. दादा तेव्हा समुद्रावर होता.

कचेरीचा मुलाखतींसाठीचा छोटा टेपरेकॉर्डर मी बरोबर नेला होता. मांडवात मांडीशी ठेवला आणि बटण दाबलं. गाणाऱ्या बायका हाताच्या अंतरावर, मधोमध वहिनी. आमच्या मागे बेंजो पार्टी. बेंजोवाल्यांना थांबा म्हटलं तर ते थांबत नसतात; त्यांनी बायकांच्या गाण्यालाच साथ धरली. ढोल, ताशा, आणि त्या सगळ्याच्या वर बेंजोची ती तारेसारखी कानात शिरणारी धून. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

गाणं चालू असताना संपादकांनी मला काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. ते उत्तर मी नंतर विसरलो—नाही, हे खरं नाही. विसरलो नव्हतो. नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवून दिलं होतं.

नंतर पंगत बसली. वाढायला वहिनी होती. संपादकांना तिनं आग्रह करकरून वाढलं. मग माझ्यापुढे आली.

"तुमी पन घ्या ना, साहेब. लाजू नका."

'साहेब' ती मला थट्टेनं म्हणायचीच. पण 'तुमी'? 'भाऊजी' सुटल्यापासून तिनं मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. थट्टा होती का? मी वर पाहिलं असतं तर कळलं असतं. मी खाली मान घालून जेवलो. बाहेर पडताना संपादक म्हणाले, लोक फार अगत्यशील आहेत रे तुझ्या गावचे.

पान छापून आलं. मधोमध वहिनीचं छायाचित्र; तोंड उघडलेलं, डोळे मिटलेले, गालाला हळद. खालची ओळ मी लिहिली होती: 'हळदीची गाणी गाणारी गावातील एक महिला.' वहिनीनं तो कागद कुणाला मासळी बांधायला दिला नाही. भिंतीला लावला.

"माजं नाव कुटं हाय यात?" तिनं विचारलं.

"जागा नव्हती गं."

"असंल," ती म्हणाली. "एवडासाच तं कागद."

त्यानंतर बरंच आयुष्य झालं. माझं लग्न झालं, बोईसरला घर झालं. वहिनीनं माझ्या बायकोला बोंबील साफ करायला शिकवलं, माझ्या मुलांच्या अंगाला तेल चोळलं. हंगामात तिची पिशवी न चुकता बोईसरला यायची, वरती सुकट, खाली बोंबील, मध्ये जुना कागद. कागदावर कधीकधी माझीच बातमी असायची; ती मुद्दाम तसा निवडायची. त्या हळदीचा विषय तिनं कधी काढला नाही. मी तर नाहीच.

वहिनी गेली. आजार लहान होता, फार दिवस पडून राहिली नाही. दादा आता समुद्रावर जात नाही. बोटीच्या इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जसे होतात, तसे त्याचे झालेत. वहिनीच्या आवाजाची घरात एकच गोष्ट उरली होती—ती माझी कॅसेट. दादानं ती ऐकायला मागितली. मी नेली, लावली. तो कान लावून बसला, आणि मग त्यानं मान हलवली.

"नुसता बेंजो वाजतो रे. ती कुटं हाय यात?"

दादाची मुलगी प्राची तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रयोगशाळेत आहे. ती म्हणाली, "काका, आता एआय गाणं सोडवून देतं. आवाज वेगळा, वाद्यं वेगळी. आपण बेंजो काढून टाकू, नुसती आई ठेवू."

मला पटलं नव्हतं. कालवणात उकळलेली हळद परत बाजूला काढून देतो म्हणण्यासारखं ते वाटलं. पण प्राची एक दिवस सकाळी माझ्याकडे आली. सेकंड शिफ्ट होती तिला. आम्ही कॅसेट वाजवून तिची फाइल केली, ती फाइल त्या सॉफ्टवेअरला दिली. मी वार्ताहरासारखे प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. या यंत्राला म्हणे अगणित गाणी ऐकवून शिकवलेलं असतं. त्यावरून ते अंदाज करतं—हा माणसाचा गळा, हा ढोल, हा खर्ज, आणि उरलेलं ते 'बाकीचं'. चार भाग करून चार फायली हातात देतं.

आमच्या हळदीपुढे ते जरा गोंधळलं. बायकांच्या बांगड्या त्यानं ढोलात टाकल्या. प्राची हसली, "आईच्या बांगड्या ताशा समजलं काका ते!" बेंजो बहुतेक सगळा 'बाकीचं'मध्ये गेला, त्याचा एक बारीकसा धागा मात्र आवाजाला चिकटून राहिला. मग प्राचीनं आवाजाची फाइल लावली.

पहिल्यांदा काहीच नाही. मग पाण्याखालून वर यावी तशी वहिनी आली. घोगरी, रुंद. मांडव नाही, ढोल नाही, गर्दी नाही. माझ्या बोईसरच्या खोलीत, टेबलाशी, एकटी गाणारी वहिनी. हेमाच्या बापाचं नाव घेत होती.

प्राचीनं तोंडावर हात धरला. "काका—आई," एवढंच म्हणाली. आम्ही ते पहिलं कडवं पुन्हा पुन्हा ऐकलं. तेवढ्यात तिच्या कंपनीच्या बसची वेळ झाली. डोळे पुसत ती उठली. "बाकीचं तू नीट करून ठेव. रविवारी बाबांना ऐकवू. सगळ्यांना बोलावते." दारातून परत वळून म्हणाली, "तुझं नाव येईल ना त्यात? तिथं मी तुझ्याकडे बघणार आहे, सांगून ठेवते."

ती गेली. मी पुढे ऐकत राहिलो. बापानंतर काका. काकानंतर मामा. आणि मग माझं नाव.

नाव आलं, बायकांनी झेललं. ओळ घोळू लागली, कारण मी उठलो नव्हतो. एकदा, दोनदा. आणि मग वहिनीच्या आवाजावर एक पुरुषाचा आवाज आला. स्पष्ट, अगदी जवळचा. "अरे, ही तुझंच नाव घेतेय की काय? कोण रे ही?"

आणि लगेच दुसरा, त्याहून जवळचा. टेपरेकॉर्डर माझ्या मांडीशी होता. जो यंत्राच्या सर्वांत जवळ, त्याचा आवाज सर्वांत मोठा येतो. हे वार्ताहराला पहिल्या दिवशी शिकवतात.

"छे. दुसरा कुणी वसंत असेल. मी नाही ओळखत हिला."

हे मी बोललो होतो. ओरडून, कारण बेंजो वाजत होता. आता बेंजो नव्हता. नुसतं वाक्य उरलं होतं.

पण खरं सांगायचं ते याच्याही पुढे आहे. माझ्या वाक्यानंतर वहिनीचा आवाज थांबतो. मागच्या बायका ओळ झेलत राहतात, त्यांना काही कळलेलं नाही. पण पुढे गाणारीचा आवाज नाही. मूळ कॅसेटवर ही जागा ऐकूच येत नाही, तिथं बेंजो भरलेला आहे. आवाज वेगळा केल्यावर तिथं भोक दिसतं. एक श्वास, मग आणखी एक. मग वहिनी पुन्हा लागते, आणि माझी वाट न बघता पुढचं नाव घेते. न उठलेल्या माणसाला सोडून पुढचं नाव घेतलेलं मी आमच्या मांडवात एरवी कधी ऐकलेलं नाही.

तिनं ऐकलं होतं का? बातमीच्या भाषेत याला दुजोरा नाही. तिला ठसका लागला असेल. कुणी पाणी दिलं असेल. पण पंगतीतलं ते 'तुमी'? मी तिला ओळखत नाही असं मी सांगितलं, आणि पुढच्या तासाभरात माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तीही मला न ओळखणारी झाली—असं मला वाटतं. माझ्यासाठी तिनं काय काय केलं त्यातली ही एक गोष्ट, आणि ती केल्याचं मला इतक्या वर्षांनी एका सॉफ्टवेअरकडून कळावं.

मी दोघांना वेगळं करून पाहिलं. पुष्कळ प्रयत्न केला. तिचा आवाज राहावा आणि माझा जावा, एवढंच हवं होतं. यंत्राला ते जमेना. त्याच्या लेखी दोन्ही माणसाचेच गळे. ढोल काढता आला, बेंजो काढता आला, मला काढता येईना. माझं वाक्य ठेवायचं तर ठेवा, नाहीतर दोन्ही जाऊ द्या.

दादाला सगळं सांगता आलं असतं. त्याला आहे तसं ऐकवता आलं असतं. प्राचीला फोन करून म्हणता आलं असतं, की एक ऐक, आणि मग ठरव. हे तिन्ही पर्याय मला तेव्हा दिसत होते. मी ते कडवं कापलं.

नीट कापलं. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर कापायची नोकरी केली आहे; सांधा दिसू नये एवढी कला येते. मामाच्या कडव्याचा शेवट आणि पुढच्या कडव्याची सुरुवात जोडली, तर मध्ये जरा धक्का बसत होता. म्हणून वहिनीचा एक श्वास दुसऱ्या कडव्यातून उचलला आणि सांध्यावर बसवला. आता ती मामाचं नाव घेते, श्वास घेते, आणि पुढे जाते. कुठे काही नव्हतंच, अशी.

रविवारी दादाच्या घरी माणसं जमली. हेमा सासरहून आली. शेजारची मोतीकाकी आली. त्या हळदीत वहिनीच्या मागे झेलणाऱ्यांत ती होती, आणि आता तेवढी एकच उरली आहे. दादाच्या कानांना प्राचीनं हेडफोन लावला, बाकीच्यांसाठी स्पीकर. वहिनी गाऊ लागली. दादा भिंतीवरच्या त्या छायाचित्राकडे बघत बसला. त्याचे ओठ हलत होते. हेमा रडत होती आणि हसतही होती. माझ्या बायकोनं माझा हात धरला. मी सांगतो, ती दुपार चांगली होती. घरात त्या दुपारी वहिनी होती. ते मी केलं, हेही खरं आहे.

मामाचं नाव झालं. श्वास झाला. पुढचं नाव आलं. प्राची माझ्याकडे बघत होती, बघतच राहिली.

गाणं संपलं आणि मोतीकाकी म्हणाली, "वसंताचं कुटं गेलं?"

प्राचीनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"घेतलं व्हतं तिनी," काकी म्हणाली. "मी सवता झेललंय ना! हा मेला उटला नवता. आमी घोलवून घोलवून दमलो."

सगळे हसले. हेमा म्हणाली, "काकी, टेप कशाला खोटं बोलंल?"

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेप माझी, यंत्र माझं, पेपरवाला मी. काकी पण बघत होती. तिला खात्री होती, आणि मी होय म्हणण्याची ती वाट बघत होती.

"काकी, टेपवर तर नाहीये," मी म्हणालो. 'नाय' नाही. 'नाहीये'. कचेरीतल्या आवाजात.

काकीनं माझ्यावरची नजर काढली. "मंग मीच इसरली असंन," म्हणाली. तेव्हापासून ती जुन्या गाण्यांबद्दल काही सांगायला लागली, की आधी म्हणते, माजं काय खरं नाय हां, यंत्रात बगा. आमच्या गावात ज्या शेवटच्या बाईला सगळी कडवी पाठ आहेत, ती ही.

प्राचीनं मला विचारलं, मूळ कॅसेट कुठे आहे, पुन्हा एकदा करून बघू. मी म्हणालो, वाजवताना तुटली, आणि पहिली फाइलही पुसली गेली. तुटलेली नाही. माझ्या कपाटात आहे.

संध्याकाळी निघताना दादा मला ओट्यापर्यंत सोडायला आला. ऐकू कमी येतं म्हणून तो हल्ली मोठ्यानं बोलतो. तेव्हा मात्र हळू बोलला.

"वसंता, मनात धरू नको. सगल्यांची नावं घेतली, तुजंच राहिलं तिच्याकडनं. त्या दिवशी तिला शंभर कामं असतील. तुज्यावर तिचा जीव व्हता, तुला म्हाईत हाय. ती असती तं तिनी सवता कान धरले असते." आणि त्यानं—माझ्या थोरल्या भावानं—तिच्या वतीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "माज्याकडं बगून सोडून दे."

मी म्हणालो, "सोडलं रे दादा."

म्हणजे मी तिला माफ केलं. तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या ओट्यावर, न केलेल्या चुकीबद्दल. हे मला सर्वांत जास्त सांगायचं होतं आणि सर्वांत शेवटी आलं.

दादा रोज ती फाइल ऐकतो. प्राचीनं त्याच्या फोनवर टाकून दिली आहे. मी गेलो की शेजारी बसवून घेतो. मामाचं नाव संपतं, मी बसवलेला तो श्वास येतो, आणि दादा माझ्या गुडघ्यावर हात ठेवतो. त्याला ती जागा पाठ झाली आहे. पुढचं नाव सुरू झालं की हात काढतो.

न कापलेली फाइल माझ्याकडे आहे. तीही मी ऐकतो. वहिनीच्या आवाजात माझं नाव तिथं एवढंच आहे, आणि ते ऐकायचं तर माझं वाक्यही ऐकावं लागतं. ते कडवं असं आहे—

हलद लाविते हेमाला गो
हेमाचा भाऊस कोन
पेपरात लिवतो वसंत माजा
त्याला मांडवी आना गो

बाकी सगळ्यांना तिनं हेमाचे म्हटलं होतं. हेमाचा काका, हेमाचा मामा. 'माजा' फक्त मला.

आता पहिलं वाक्य लिहिता येईल. सुमतीवहिनीनं हेमाच्या हळदीत माझं नाव घेतलं होतं. मी उठलो नाही.